नसलेले पन्नास हजार

पोरानं २ लाख ८४ हजार रुपये चोरल्याचं कबूल केलं होतं. कपाटात त्या रात्री होते २ लाख ३४ हजार. मधले पन्नास हजार चोरीच्या आधीच खोके पुरवणाऱ्या एका खोकेवाल्याच्या खिशात गेलेले. म्हणजे जे पैसे तिथे नव्हतेच, तेही आपणच नेले असं हा पोरगा लिहून देत होता. खाली अंगठा नव्हे, सही होती. सातवी झालेला होता.

मी नाशिकला वकिली करते आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर आहे. ज्याला वकील परवडत नाही, त्याचं काम आमच्याकडे येतं. हे प्रकरण २०१९च्या मार्चमधलं. माणसांची नावं देत नाही, तालुकाही सांगत नाही. नाशिकपासून तासाभराच्या अंतरावरचं एक द्राक्षांचं पॅकहाऊस, एवढं पुरे.

ऐन हंगामात आमच्याकडे अशा पॅकहाऊसला रात्र नसते. माल खुडून येतो, बाया निवड करतात, पेट्या भरतात, शीतगृहात माल गार होतो आणि कंटेनर न्हावा शेवा बंदराकडे निघतो. कामाला पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी माणसं. काही गिरणाऱ्याच्या मजूर बाजारातून रोज उचलली जातात, काही मुकादमाकडून उचल घेऊन हंगामभर तिथेच पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. हा पोरगा दुसऱ्या प्रकारातला, वय वीस. पेट्या उचलायचा, कंटेनर भरायचा.

२ मार्च, शनिवार. दुसऱ्या दिवशी मजुरांचा आठवडा वाटायचा होता, म्हणून ऑफिसच्या लोखंडी कपाटात रोकड आणून ठेवलेली. रविवारी सकाळी कपाट उघडं, रोकड गायब. कुलूप शाबूत होतं. आणि रात्री शेडमध्ये झोपलेला हा पोरगा पहाटेच न सांगता गावाला निघून गेला होता.

पॅकहाऊसच्या मुनीमजींनी फिर्याद दिली, ती अशी: रात्री नऊ वाजता मी स्वतः रक्कम मोजली, पाचशेच्या नोटांची पाच बंडलं आणि वर चौतीस हजार सुटे. कपाटाला कुलूप लावलं, चावी माझ्याजवळच होती. मुनीमजी पन्नाशीचे, वीस वर्षं त्याच मालकाकडे. बोलणं शांत, नजर समोर. फिर्याद वाचतानाही माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. असा माणूस सांगतोय म्हटल्यावर त्याला उलट प्रश्न कोण विचारणार?

पोराला सोमवारी संध्याकाळी गावातून उचललं. त्या दिवशी महाशिवरात्र होती, निम्मा फौजफाटा त्र्यंबकेश्वरच्या बंदोबस्तात. ठाण्यात राहिलेल्यांना हे प्रकरण लवकर मिटवायचं होतं. त्यात मला फारसं वावगं वाटत नाही, दमलेली माणसं होती. पण ‘पहाटे का गेलास?’ या पहिल्याच प्रश्नाला पोरगा म्हणाला, ‘आजी आजारी होती.’ गावात एक फोन झाला. आजी जाऊन दोन वर्षं झाली होती.

माझ्या मते प्रकरण तिथेच संपलं. पुढचं सगळं कागद रंगवणं होतं. खोटं सापडलं म्हणजे चोर सापडला, असं ठरून गेलं.

अटक बुधवारी दाखवली. सोमवार आणि मंगळवारच्या दोन रात्री कुठल्याच नोंदीत नाहीत. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं, हे संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे. अटकेचा पंचनामा करायचा, नातेवाइकाला कळवायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू निकालात सांगून ठेवलं आहे. पण हे सगळं घड्याळ अटकेपासून सुरू होतं. अटकच दाखवली नाही तर घड्याळाला चावीच दिलेली नसते. ‘चौकशीला बोलावलं होतं’ या तीन शब्दांत दोन रात्री मावतात.

गुरुवारी रिमांडच्या वेळी मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. त्या आठवड्यात कोर्टाच्या आवारात एकच विषय होता. ५ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने नाशिकच्याच एका जुन्या खटल्यातल्या सहा जणांना निर्दोष सोडलं होतं. २००३च्या जूनमध्ये एका वस्तीवर दरोडा पडून पाच जणांचे खून झाले होते. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीचीच शिक्षा दिली. आणि आता तेच न्यायालय सांगत होतं की वाचलेल्या साक्षीदार बाईने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळेच इसम ओळखले होते, आणि ती गोष्ट दाबली गेली. सोळा वर्षांनी सुटका, प्रत्येकी पाच लाख भरपाई. बाररूममध्ये चहा पिताना आम्ही सगळे हळहळत होतो. आणि अर्ध्या तासाने या पोराशी बोलताना मी मनाशी म्हटलं, यानेच केलंय.

का? तर तो हसला. ‘पैसे घेतलेस का?’ असं विचारलं तेव्हा खाली बघून हसला. माझ्याकडे एकदाही धड बघितलं नाही. उत्तर द्यायला वेळ लावला. आणि ‘आजीचं खोटं का बोललास?’ म्हटल्यावर गप्पच बसला.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पोलिसांच्या नावाने बोटं मोडणं सोपं असतं. चेहऱ्यावरून खोटं ओळखता येतं हा समज आपल्या सगळ्यांच्या अंगात भिनलेला आहे, माझ्याही. बाँड आणि डेपॉलो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये २४ हजारांहून अधिक लोकांनी खरंखोटं ओळखण्याचे केलेले प्रयत्न एकत्र करून तपासले. बरोबर निघण्याचं सरासरी प्रमाण ५४ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आलं असतं. ज्यांचा धंदाच खोटं पकडण्याचा, त्यांचाही हात यात फारसा वर नव्हता. नजर चुकवणं, चुळबुळ, अडखळणं, या खुणा घाबरलेल्या माणसाच्याही असतात. आणि साहेबापुढे मान वर करून बघायचं नाही हे ज्याला लहानपणापासून शिकवलं, तो पोरगा काळ्या कोटाच्या डोळ्यांत डोळे घालून कसा बोलेल? त्याचं हसू संकोचाचं होतं. हे कळायला मला तीन भेटी लागल्या.

तिसऱ्या भेटीत, नाशिकरोड कारागृहात, मी विषय बदलला. चोरीबद्दल एक शब्द काढला नाही. हंगाम कधी संपतो, पुढे कुठे जातोस, असं विचारत गेले. तेव्हा हळूहळू निघालं. पॅकहाऊसच्या मुकादमाकडून त्याने उचल घेतलेली होतीच. शिवाय चोरीच्या आधीच्या गुरुवारी एका वीटभट्टीच्या मुकादमाकडूनही वीस हजार उचलले होते. घराचं छप्पर करायचं होतं. एका अंगावर दोन उचली म्हणजे दोन्ही मुकादमांचा मार. पहिल्याला कुणकुण लागली असं वाटलं, म्हणून पैसे घरी ठेवायला पहाटे पळाला. पोलिसांना हे सांगितलं तर मुकादमाला कळणार, म्हणून मेलेल्या आजीला आजारी पाडलं.

म्हणजे खोटं बोलला होता हे खरंच. ते खोटं चोरीचं नव्हतं एवढंच.

मग कबूल का केलंस, हे विचारल्यावर तो जे बोलला ते मी त्याच दिवशी डायरीत उतरवून घेतलं. ‘हो म्हटलं का थांबायचे. नाय म्हटलं का परत पहिल्यापासून.’ मारहाण झाली का? दोन-चार फटके, तेही सोमवारीच. झोपू मात्र दिलं नाही. बहिणीला ठाण्यात आणू म्हणाले. एकाने सांगितलं, पैसे भरून टाक, मालक चांगला आहे, उद्या सोडून देतील. आणि मंगळवारी रात्री सांगितलं की कॅमेऱ्यात तूच दिसतोस. (पॅकहाऊसचा तो कॅमेरा दिवाळीपासून बंद होता. हे मला पुढे मालकाच्या पुतण्याकडून कळलं.) ‘कॅमेऱ्यात दिसतो म्हटल्यावर मला वाटलं, झोपेत गेलो का काय मी?’

या वाक्याने मी हादरले. खोट्या कबुलीचे तीन प्रकार मानसशास्त्रात सांगतात: कुणी आपणहून देतो, कुणी त्रास थांबावा म्हणून देतो, आणि कुणाला खरोखरच वाटायला लागतं की आपणच केलं असावं. सॉल कॅसिन आणि लॉरेन्स राइट्समन यांनी १९८५ मध्ये केलेली ही विभागणी मी वाचली होती, पण पुस्तकात हे तीन प्रकार वेगवेगळ्या माणसांचे असतात. इथे एकच पोरगा दोन रात्रींत दुसऱ्या प्रकारातून तिसऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेला होता. अमेरिकेत डीएनए तपासणीमुळे निर्दोष ठरलेल्या पहिल्या ३७५ जणांमध्ये २९ टक्के प्रकरणांत खोटी कबुली होती. त्यात खुनाचे, बलात्काराचे गुन्हे होते. इथे तर चोरी.

आता तो कागद. निवेदन पंचनाम्यात पोराचं म्हणणं असं सुरू होतं: ‘मी माझे राजीखुशीने, कोणाचेही दबावास बळी न पडता निवेदन करतो की, सदर...’ सुरगाण्याचा पोरगा ‘सदर’ म्हणतोय! आमच्याकडच्या प्रत्येक आरोपीच्या तोंडी हा ‘सदर’ असतो. न्यायालयंही आता त्याला सरावली आहेत.

मी पाटीच्या दोन बाजू केल्यासारखं कागदाच्या दोन बाजू केल्या. डावीकडे या निवेदनातल्या अशा गोष्टी, ज्या पोलिसांना आधीच माहीत होत्या. उजवीकडे अशा, ज्या फक्त चोरालाच माहीत असू शकतील. डावी बाजू भरून वाहिली: कपाटाची जागा, वरचा कप्पा, पाच बंडलं, पिवळं रबर, एकूण २ लाख ८४ हजार. सगळं फिर्यादीत शब्दशः होतं. उजवीकडे दोनच गोष्टी आल्या. एक, डुप्लिकेट चावी नाशिकला बनवून घेतली आणि नंतर विहिरीत टाकली. चावीवाला कोण, दुकान कुठलं, काही नाही; विहिरीत काही मिळालं नाही. दोन, उरलेले पैसे मौजमजेत उडवले. दोन दिवसांत अडीच लाखांची मौज, सुरगाण्यात. याहून जास्त बोलायची गरज वाटत नाही.

खऱ्या कबुलीत काहीतरी नवं हाती लागतं. या कबुलीत पोलिसांनी जेवढं घातलं तेवढंच परत निघालं.

आणि जे घातलं होतं, त्यात चूक होती. शनिवारी, म्हणजे कबुलीनंतर तीन दिवसांनी, खोकेवाला आपली बाकी मागायला पॅकहाऊसवर आला आणि बोलता बोलता म्हणाला की त्या शनिवारी सात वाजता मला पन्नास हजार मिळाले होते. मालकाच्या पुतण्याने दिले होते, पावतीवर त्याची सही होती. त्याच दिवशी मुनीमजींचा पुरवणी जबाब झाला: रक्कम २ लाख ३४ हजार वाचावी, पन्नास हजारांचं विसरलो होतो. तपास अधिकाऱ्याने तो जबाब इमाने लावला दोषारोपपत्राला. लपवला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. त्याच्या लेखी ती आकड्याची दुरुस्ती होती. बुधवारच्या कबुलीत मात्र जुना आकडा तसाच गोठून राहिला.

कायद्याचं म्हणाल तर पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात येतच नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात कलम २५ आणि २६ होती, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ आहे. पण मागे एक दार उघडं असतं, जुनं कलम २७: आरोपीच्या सांगण्यावरून काही वस्तू मिळाली तर तेवढा भाग चालतो. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात या दाराची चौकट आखून दिली. तेवढ्यासाठीच पोराला घेऊन गावी गेले आणि पत्र्याच्या पेटीतून १८,५०० रुपये ‘काढून दिले’ असा पंचनामा झाला. पाचशेच्या ३७ नोटा. वीटभट्टीची उचल, त्यातले दीड हजार खर्च झालेले.

उचल दिली हे सांगायला मुकादम कोर्टात यावा, एवढंच हवं होतं. तो येईना. त्याच्या डायरीत अशा कितीतरी जणांच्या उचली होत्या, आणि वेठबिगारीविरुद्धचा १९७६चा कायदा त्यालाही ऐकून माहीत होता. शेवटी पोराची आई रोज जाऊन त्याच्या दारात बसायला लागली. मी म्हटलं, ‘मावशी, असं करू नका, उलटंच होईल.’ त्या ऐकायच्या नाहीत. आला तो, तीन वर्षांनी, डायरी पिशवीत लपवून.

त्याआधी आणखी एक घडलं होतं. कोठडीत असताना पोराला पॅकहाऊसवर नेलं आणि मालकासमोर हात जोडायला लावले. कुणीतरी व्हिडिओ काढला. तो गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला, आणि सुरगाण्यापर्यंत पोहोचला. २०१७ मध्ये गुरुग्रामच्या शाळकरी मुलाच्या खुनात बस कंडक्टरने टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर असंच कबूल केलं होतं. पुढे सीबीआयने तपास हाती घेतला आणि तो निर्दोष निघाला. पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते जोडलेले हात राहतात. आमच्या पोराच्या बहिणीची जमत आलेली सोयरीक मोडली.

पोलिसांनी त्याला तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली, कबुली नोंदवायला, दंडाधिकाऱ्यांपुढेही उभं केलं. तिथे मात्र पद्धत पाळली गेली. दंडाधिकाऱ्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, कबूल करायलाच हवं असं नाही हे समजावलं आणि विचार करायला एक दिवस देऊन त्याला कारागृहात पाठवलं. एक रात्र झोप मिळाली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, मला काही सांगायचं नाही.

जामीन मिळाला, पण सुटला बावन्न दिवसांनी. जामीनदाराला सातबारा लागतो. याच्या घरच्यांकडे वनहक्काचा पट्टा, तोही अर्जाच्या फाइलीत. अखेर रोख जातमुचलक्यावर सोडवून घेतला.

मुनीमजींची साक्ष मध्ये करोना येऊन २०२१च्या अखेरीस निघाली. त्यांना मी पन्नास हजारांबद्दल आधी काही विचारलंच नाही. चावीबद्दल विचारलं.

‘चावी कुठे असते?’

‘माझ्या कमरेला.’

‘कुणाला देता कधी?’

‘मालकालासुद्धा नाही. मागितली तर मी उठून कपाट उघडून देतो.’

‘त्या शनिवारी?’

‘शनिवारी तर नाहीच. रोकड होती ना.’

हे तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी त्यांच्याकडून वदवून घेतलं. ते दर वेळी जास्त ठाम होत गेले. मग खोकेवाल्याची पावती पुढे केली. सात वाजता पुतण्याने कपाटातून एक बंडल काढलं. तुम्ही उघडून दिलं? ते न्यायाधीशांकडे बघत राहिले. मग म्हणाले, मी तेव्हा तिथे नव्हतो.

ते सहा वाजताच नात्यातल्या हळदीला गेले होते. नऊ वाजता काहीही मोजलं नव्हतं. चावी मीटरच्या पेटीमागच्या खिळ्याला होती, आणि ती तिथे असते हे ऑफिसात चहा नेणाऱ्या पोरालाही ठाऊक होतं. वीस वर्षांची नोकरी जाईल म्हणून त्यांनी नऊ वाजताची मोजणी रचली. त्या रचलेल्या मोजणीतून पाच बंडलं आली, पाच बंडलांतून २ लाख ८४ हजार, आणि तो आकडा पोराच्या तोंडी.

मला अजूनही वाटत नाही की चोरी मुनीमजींनी केली. पोरासारखेच तेही भलत्याच गोष्टीसाठी खोटं बोलले, फक्त त्यांना नीट बोलता येत होतं.

हातातला पुरावा आधी दाखवायचा नाही, माणसाला बोलू द्यायचं आणि मग ताडून पाहायचं, ही काही माझी युक्ती नव्हे. चौकशीतल्या विसंगती शोधण्यासाठी आज अभ्यासक हेच सुचवतात. इंग्लंडमध्ये १९९०च्या दशकापासून पोलिसांना दबावापेक्षा मोकळेपणाने ऐकून घेण्याचं प्रशिक्षण दिलं जातं, त्यामागेही चुकीच्या कबुल्यांमधून तुरुंगात गेलेली माणसं होती. आमच्या प्रकरणात बरोबर उलटं झालं. पोराला आधी सगळी फिर्याद ऐकवली आणि मग विचारलं, बोल काय झालं?

काहींनी मला तेव्हा सुचवलं होतं की खोटं पकडण्याच्या यंत्रावर बसवा पोराला, सुटेल. संमतीशिवाय अशी चाचणी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात ठरवलंच आहे. पण तो संमती द्यायला तयार होता, मीच नको म्हटलं. पॉलिग्राफ धडधड मोजतो. या पोराची धडधड शिपायाने नाव पुकारलं तरी वाढायची.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. झडती-जप्तीचं चित्रीकरण आता सक्तीचं आहे. ठाण्यात सीसीटीव्ही हवेत असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्येच सांगितलंय, चौकशीच्या खोल्यांतसुद्धा. चांगलं आहे. पण या प्रकरणात पेटी उघडतानाचं चित्रीकरण असतं, तर त्यात काय दिसलं असतं? शांतपणे पेटी दाखवणारा पोरगा. कॅमेरा बुधवारी सुरू झाला असता, आणि जे व्हायचं ते मंगळवारी रात्रीच होऊन गेलं होतं.

२०२२ मध्ये तो निर्दोष सुटला. निकालपत्रात दोन ओळी पन्नास हजारांवर आहेत. चोर सापडला नाही, आता कुणी शोधतही नाही. मुनीमजींना मालकाने काढलं नाही.

जप्त केलेले १८,५०० परत मिळवायला वेगळा अर्ज करावा लागला. मुद्देमाल कारकुनाने पाकीट फोडून ३७ नोटा मोजल्या आणि रजिस्टर पुढे सरकवलं. पोरानं पेन हातात घेतलं, आणि तसाच थांबला.

‘ताई, यात काय लिहिलंय?’

मी वाचून दाखवलं. रक्कम मिळाली, तक्रार नाही.

‘परत एकदा वाचा ना.’

मी परत वाचलं. कारकून घड्याळाकडे बघत होता. पोरानं नोटा आधी स्वतः मोजल्या, मग आईकडून मोजून घेतल्या, आणि मग विचारलं, ‘सही केल्यावर हे वाढवून नाय ना लिहिणार?’